फोनिक्सचं दोन दिवसांचं वर्कशॉप घ्यावं का, आणि त्यानंतर वर्षभर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रोडच्या बाजूची एक सेमी इंग्रजी शाळा, ज्युनियर केजी ते चौथी, खालच्या वर्गांना सात-आठ शिक्षिका. मुख्याध्यापिका मॅडम विचारतायत की एका एजन्सीने शाळा सुरू व्हायच्या आधी दोन दिवसांचं फोनिक्स (म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवायची पद्धत) वर्कशॉप, सोबत किट आणि सर्टिफिकेट अशी ऑफर दिलीये, मॅनेजमेंट तयार आहे, पण मागे असंच एक वर्कशॉप झालं होतं आणि ऑगस्टपर्यंत सगळं जुन्या वळणावर गेलं, दुसरीतली बरीच मुलं अजून अडखळत वाचतायत, तर आता पुन्हा पैसे घालावेत का, आणि नाही घातले तर दुसरं काय करावं.

मॅडम, वर्कशॉप घ्यायचं तर घ्या पण एकच दिवसाचं घ्या, आणि उरलेले पैसे, त्याहून जास्त म्हणजे उरलेला वेळ, तुमच्या शिक्षिकांना मुलांचं वाचन ऐकायला शिकवण्यात घाला. मी बरीच वर्षं पुण्यातल्या महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि खाजगी शाळांमधल्या शिक्षकांबरोबर पहिली-दुसरीच्या वाचनावर काम करतेय आणि माझं मत आता पक्कं झालंय की ज्या बाईंना मूल वाचताना नेमकं कुठे अडतंय हे कानाने कळतं त्यांच्या वर्गात कुठलीही पद्धत चालते, आणि ज्यांना ते कळत नाही त्यांच्या हातात कितीही भारी किट दिलं तरी ते कपाटात जातं.

म्हणजे काय ते सांगते. दुसरीतल्या चार मुलांची नावं बाईंच्या वहीत 'वाचन कच्चं' म्हणून असतात. एकेकाला जवळ बसवून तीन मिनिटं ऐका. पहिलं मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतंय, ही वाचनाची चूक नाहीच, ती त्याच्या घरची बोली आहे, त्याने शब्द बरोबर ओळखलाय, तिथे थांबवून सारखं ण ण करत बसलात तर ते मूल वाचायचंच बंद करेल. दुसरं मूल 'दप्तर' छापलंय तिथे चित्र बघून बिनधास्त 'बॅग' म्हणतंय, म्हणजे ते अक्षरांकडे बघतच नाहीये, अंदाजाने चाललंय. तिसरं 'दिवा'ला 'दवा' म्हणतंय, 'किती'ला 'कती', पण 'काका' 'मामा' 'लाल' फटाफट, म्हणजे त्याचं पहिली वेलांटीपाशी अडलंय, बाकी सगळं आहे. चौथं 'घर'ला 'धर' आणि 'भात'ला 'मात' म्हणतंय, म्हणजे आकारात गल्लत. आता ह्या चौघांना मिळून बाई काय देतात, तर धडा पाच वेळा वाचा. चौघांची गरज वेगळी, औषध एकच. ज्याला वेलांटी हवीये त्याला आठवड्याभराचं काम आहे, आणि जो अंदाजाने वाचतोय त्याला चित्राशिवायचा मजकूर द्यायला पाहिजे. हे ओळखता येणं हेच मुख्य प्रशिक्षण आहे आणि ते हॉलमध्ये प्रोजेक्टरवर होत नाही.

आता फोनिक्सबद्दल, कारण पुण्यात फोनिक्स म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर जॉली फोनिक्सच येतं, ४२ ध्वनी, हातवारे, गाणी, आणि पहिला गट एस ए टी आय पी एन. पद्धत इंग्रजीसाठी चांगली आहे, तो पहिला गट मुद्दाम तसा निवडलाय कारण त्या सहा अक्षरांत सॅट, पिन, टिन, नॅप असे खूप शब्द लगेच तयार होतात आणि मूल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच 'मला वाचता येतंय' असं म्हणायला लागतं. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४, अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा, त्यामुळे तिथे ध्वनी वेगळे करून शिकवावेच लागतात. अमेरिकेत नॅशनल रीडिंग पॅनेल ह्या तज्ज्ञ समितीचा २००० सालचा रिपोर्ट, इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या वयाच्या मुलांसाठी चालू असलेली फोनिक्स चाचणी, हे सगळं इंग्रजी वाचनाच्या अनुभवातून आलंय. त्यातली मूळ गोष्ट, की आवाज आणि खूण ह्यांचं नातं क्रमाने आणि उघडपणे शिकवा, मुलांवर सोडू नका, ती मराठीलाही लागू आहे. पण तपशील जसेच्या तसे मराठीत आणले की गडबड होते, आणि वर्कशॉपवाले बहुतेक वेळा नेमकं तेच करतात.

एक गोष्ट इंग्रजीची आधी सांगते कारण ती मी जवळजवळ प्रत्येक शाळेत बघते. आपल्या बाई 'बॅट' शिकवताना म्हणतात 'बऽ... ॲ... टऽ', म्हणजे ब मध्ये अ, ट मध्ये अ. हे साहजिक आहे, आपल्या लिपीत प्रत्येक व्यंजनात अ असतोच, लहानपणापासून आपण तसंच म्हणत आलोय. पण मूल ते जोडतं तेव्हा 'बअ-ॲ-टअ' होतं आणि त्यातून बॅट काही निघत नाही, मग बाई स्वतःच 'बॅट' म्हणून टाकतात आणि मुलं मागून म्हणतात, सगळ्यांना वाटतं फोनिक्स झालं. ह्यावर उपाय म्हणजे शिक्षिकांनी स्वतः आधी आवाज कापायचा सराव करायचा, ब् ट् क् असे पाय मोडून, आणि सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांनी करायची, स्स्स, म्म्म, न्न्न, फ्फ्फ. 'सॅम' म्हणताना 'स्स्सॲम्म' असं आवाज न तोडता ओढत नेता येतं, मूल ते सहज पकडतं. वर्कशॉपचा एक तास फक्त ह्यावर घालवा, एकीने म्हणायचं आणि दुसरीने ऐकून सांगायचं की मागे अ येतोय का. लाज वाटते सुरुवातीला, पण दुसरा मार्ग नाही. ब्रिटिश ॲक्सेंटची मात्र काही गरज नाही, त्यावर वेळ घालवू नका.

मराठीकडे येऊ, कारण माझ्या मते तुमच्या दुसरीतल्या मुलांचं खरं अडलंय ते इथे.

मराठीत अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज, क म्हणजे क, ही फार मोठी सोय आहे. पण आपण ती सोय वाया घालवतो, अ अननसापासून ज्ञ ज्ञानेश्वरापर्यंत सगळी मुळाक्षरं आधी पाठ, मग बाराखडी, आता ॲ आणि ऑ धरून चौदाखडी, आणि मग कधीतरी शब्द. तोपर्यंत दिवाळी होते आणि मुलाने एकही वाक्य वाचलेलं नसतं. अक्षरं छोट्या गटात द्या आणि पहिल्याच गटात काना द्या. उदाहरणार्थ क म ल ब र स आणि काना, एवढ्यावर काका, मामा, बाबा, लाल, काम, बारा, कमल, रबर होतातच पण 'बाबा, काम करा', 'कमल, बस', 'मला लाल रबर' अशी वाक्यं पण होतात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने कितीतरी वर्षांपूर्वी वर्णमालेचा क्रम सोडून अशा गटांनी शिकवणं करून दाखवलंय, बालभारतीच्या पुस्तकांतही आता अक्षरं ओळीने येत नाहीत. म्हणजे नवीन काही नाही, फक्त आपल्या वर्गातल्या भिंतीवरचा अप्पा बळवंत चौकातून आणलेला तक्ता अजून ओळीने चाललाय आणि बाई तक्त्याच्या मागे जातात. तक्ता राहू दे भिंतीवर, फक्त शिकवण्याचा क्रम त्याच्यावरून ठरवू नका.

वेलांटीचं सांगायचं राहिलं. दुसरी वेलांटी आधी शिकवा आणि पहिली नंतर. कारण पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते पण उच्चारात नंतर, मूल डावीकडून वाचत आलं की त्याला आधी वेलांटी दिसते आणि ते गोंधळतं, त्यातून तो 'दवा' नाहीतर 'कती' येतो. 'मी', 'ती', 'बी', 'काकी' ह्यात काही गोंधळ नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक वाचताना सोडून द्या, बोलण्यात तो आपल्यालाच धड ऐकू येत नाही, तो लेखनात बघू. हेच उकारांना.

आणि एक मोठा मुद्दा, जो पुस्तकात क्वचित सापडतो पण वर्गात रोज भेटतो. मुलांना पीएमपीएमएलच्या बसची पाटी वाचायला द्या, 'हडपसर'. पाच अक्षरं, एकही काना-मात्रा नाही, नियमाने बघितलं तर सगळ्यात सोप्पा शब्द. मूल वाचतं ह... ड... प... स... र, प्रत्येक अ पूर्ण, आणि मग गप्प बसतं, कारण त्याने जे ऐकलं तो शब्द त्याच्या ओळखीचाच नाहीये. आपण बोलताना 'हडप्-सर' म्हणतो, प मधला अ खातो, शेवटच्या र मधला पण खातो. कमल, रबर, घसरगुंडी, सगळीकडे हेच. त्यामुळे मराठीत अक्षरं जोडणं म्हणजे नुसतं एकापुढे एक म्हणणं नाही, कुठला अ गिळायचा हे मुलाला आधी कानाने माहीत असलेल्या शब्दाशी ताडून बघावं लागतं. बाईंनी एवढंच म्हणायचं, 'सगळी अक्षरं बरोबर आहेत बाळा, आता आपण बोलतो तसं पटकन म्हण.' बहुतेक मुलांचा चेहरा तिथेच उजळतो. हे वाक्य मी शिक्षिकांना अक्षरशः पाठ करायला सांगते. तसंच च, ज, झ चं, चाक आणि चित्र, झाड आणि झेंडा, अक्षर एक आणि आवाज दोन, मुलाने 'झेंडा'तला झ 'झाड'सारखा म्हटला तर ती चूक म्हणून कापायची नाही, दोन्ही आवाज करून बघायला सांगायचं, कुठला ओळखीचा वाटतो ते.

ज्युनियर-सिनियर केजीला तर अक्षरांची घाई नकोच, तिथे कान तयार करा. आपल्याकडे त्याचं साहित्य फुकट पडलंय, भेंड्या लावा की, शेवटचं अक्षर ओळखून त्यावरून पुढचं गाणं, ह्याहून चांगला ध्वनीजाणिवेचा खेळ कुठल्या किटमध्ये मिळणार आहे. नावं टाळ्या वाजवून तोडा, स-मी-रा, तीन टाळ्या. मराठीत सुरुवातीचा तुकडा अक्षर आहे, क् आणि आ असे वेगळे ध्वनी नंतर.

शिक्षिकांसाठी एक छोटा प्रयोग सांगते, वर्कशॉपच्या दिवशी जरूर करा. कागदाची पातळ पट्टी तोंडासमोर धरायची आणि क म्हणायचं, मग ख, पट्टी ख ला हलते. प आणि फ, त आणि थ, तसंच. मग गळ्यावर हात ठेवून क आणि ग, ग ला थरथर लागते. आरशात प ब म म्हणताना ओठ बघायचे. वर्णमालेचे वर्ग ह्याच हिशोबाने लावलेत, कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य, डीएडला आपण ते परीक्षेपुरतं लिहिलं होतं, ते पहिल्यांदा तोंडात जाणवलं की बाई स्वतःच म्हणायला लागतात, अच्छा म्हणून तो मुलगा 'खडू'ला 'कडू' म्हणतो होय. हा समजल्याचा आनंद शिक्षिकांना मिळायला हवा, त्यांना नुसतं 'ॲक्टिव्हिटी नंबर चार करा' सांगणं हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे असं मला मनापासून वाटतं.

आता वर्षभराचं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स ह्या अमेरिकन संशोधकांनी १९८० च्या दशकापासून सांगितलंय की नुसतं ऐकून, अगदी डेमो बघून सुद्धा, शिक्षकाच्या वर्गात फारसं काही बदलत नाही, वर्गात सोबत बसून मदत करणारं कोणी असेल तेव्हा बदलतं. तुमच्या ऑगस्टपर्यंत सगळं जुन्या वळणावर गेलं ह्याचं कारण हेच आहे, तुमच्या बाई आळशी नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, शिक्षकांना वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण म्हटलंय. ते तास दोन-चार मोठ्या कार्यक्रमांत संपवू नका, दर शनिवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास बसा, निम्मे शनिवार बुडाले तरी वर्षभरात पंधरा-एक तास होतात.

त्या पाऊण तासात भाषण नको. एका बाईंनी एका मुलाच्या वाचनाचं दोन मिनिटांचं मोबाईल रेकॉर्डिंग आणायचं, पालकांना आधी सांगून, आणि ते बाहेर कुठे ग्रुपवर जाणार नाही ह्याची खात्री करून. सगळ्यांकडे तो उतारा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा ऐकताना मूल जे म्हणालं ते शब्दाच्या खाली जसंच्या तसं लिहायचं, बरोबर-चूक खुणा नाही. मग बोलायचं की ह्या मुलाला काय येतंय, आधी काय येतंय, मग कुठे अडतंय, आणि सोमवारी त्याला दहा मिनिटं मिळाली तर काय द्याल. पुढच्या शनिवारी त्याच बाईंनी सांगायचं काय दिलं आणि काय झालं. बस. पहिले दोन-तीन आठवडे सगळ्या जणी 'लक्ष देत नाही', 'घरी अभ्यास घेत नाहीत' असंच बोलतील, बोलू द्या, फक्त दरवेळी विचारा की रेकॉर्डिंगमध्ये हे कुठे ऐकू आलं. हळूहळू भाषा बदलते, 'उकार आला की थांबतोय' असं बोलायला लागतात, आणि तिथून खरं काम सुरू होतं.

एक विषय किमान तीन आठवडे चालू द्या. मॅडम, तुम्ही स्वतः एक गट घ्या, चार-पाच मुलांचा, आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं, आणि तुमचंही रेकॉर्डिंग शनिवारी लावा. हे झालं की बाकीच्यांची भीती निम्मी होते. वर्गात जाऊन बघाल तेव्हा तपासणीचा फॉर्म घेऊन जाऊ नका, मागे बसून एका मुलाजवळ ऐका आणि बाईंना नंतर त्या मुलाबद्दल सांगा, बाईंबद्दल नको.

मोजणीबद्दल दोन शब्द. जूनमध्ये सुरुवातीला असर ह्या देशभरच्या शैक्षणिक पाहणीतल्या साधनासारखं काहीतरी चालतं, अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट, मूल कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत ह्या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० अशी लक्ष्यं आहेत, ती शिक्षिकांना माहीत असावीत, पण मुलांसमोर स्टॉपवॉच काढू नका, मी असे वर्ग बघितलेत जिथे मुलं श्वास न घेता धाड धाड वाचतात आणि 'गोष्टीत कोण होतं रे' विचारलं की बघत राहतात. अंदाजाने वाचणारं मूल पकडायचं असेल तर कधीतरी निरर्थक शब्द द्या, टिमा, लोगी, फासू, इंग्लंडच्या त्या चाचणीत ४० पैकी २० शब्द असेच बनवलेले असतात. पण तो तपासायचा उपाय आहे, त्याची वर्कशीट काढून मुलांना घोटायला लावू नका.

आणि समज. गफ आणि टनमर ह्या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं होतं की वाचन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार, बेरीज नाही, एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. तुमच्या भागात बांधकामावरच्या कुटुंबांची मुलं असणारच, घरी कन्नड, लमाणी, तेलुगू, हिंदी, मारवाडी. त्यातलं एखादं मूल मराठी धडा खडखडीत वाचेल आणि त्याला 'परसबाग' म्हणजे काय हे कोणी सांगितलेलंच नसेल. आणि सेमीतल्या कित्येक मराठी घरच्या मुलांचं इंग्रजीत नेमकं हेच होतं. त्यामुळे रोज पंधरा मिनिटं बाईंनी चांगली गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची, मुलांशी गप्पा मारायच्या, त्यांच्या घरचा शब्द काय ते विचारायचं, आणि ही तासिका अभ्यासक्रम मागे पडला म्हणून सगळ्यात आधी कापायची नाही. फोनिक्सची वर्कशॉपं ह्याबद्दल सहसा गप्प असतात.

एजन्सीला विचारा की मराठी वाचनाबद्दल तुमच्याकडे काय आहे, वर्कशॉपनंतर तुमचा माणूस आमच्या वर्गात येऊन आमच्या मुलांना शिकवून दाखवेल का, आणि पहिली सहामाही संपेपर्यंत महिन्यातून एकदा येईल का. हो म्हणाले तर किट सोडून त्या भेटींचे पैसे द्या. सगळ्यावर किटचीच माहिती सांगायला लागले तर नमस्कार करा आणि ते पैसे गोष्टीच्या पुस्तकांवर घाला, प्रत्येक वर्गात मुलांच्या हाताला लागतील अशी, काचेच्या कपाटात नाही.

शनिवारचा पाऊण तास मात्र आत्ताच, शाळा सुरू व्हायच्या आधीच, वर्षाच्या कॅलेंडरवर लिहून टाका. जून उजाडला की पालखी, मग पंधरा ऑगस्टची तयारी, गणपती, सहामाही, दिवाळीनंतर गॅदरिंगची प्रॅक्टिस, आणि मध्येच कुठलं तरी सर्वेक्षण नाहीतर इलेक्शनची ड्युटी, ह्यातलं प्रत्येक जण तुमचा शनिवार मागणार आहे. महिन्यात चारपैकी दोन शनिवार जाणार हे धरूनच चाला, पण उरलेले दोन कोणालाही देऊ नका, आणि पहिल्या शनिवारी कुठल्या बाई रेकॉर्डिंग आणणार ते नाव पण तारखेसमोर लिहा.